शस्त्रधारणा आणि हत्यादर : आंतरराष्ट्रीय तुलनेची चिकित्सा आणि वऱ्हाडचा संदर्भ

प्रस्तावना

नागरिकांजवळ बंदुका अधिक असल्या म्हणजे हत्या अधिक होतात काय, हा प्रश्न गेल्या तीन-चार दशकांत समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, विधिशास्त्र आणि अर्थशास्त्र या चारही विद्याशाखांत वादाचा विषय ठरला आहे. वादाचे केंद्र अमेरिका असले, तरी पुराव्यासाठी दोन्ही पक्ष देशोदेशींच्या आकडेवारीकडे वळतात. वरवर पाहता धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकऱ्याचा या वादाशी संबंध दिसत नाही. परंतु रानडुक्कर व रोही यांच्या उपद्रवाने त्रस्त झालेला वऱ्हाडातील शेतकरी पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागतो, तेव्हा हाच प्रश्न स्थानिक रूप धारण करतो. परवाने सढळ हाताने दिले तर गावात रक्तपात वाढेल काय? नाकारले तर जागलीला जाणाऱ्याने काय करावे? प्रस्तुत लेखात आंतरराष्ट्रीय तुलनेच्या युक्तिवादाची चिकित्सा करून, त्यातील ग्राह्य भाग वऱ्हाडच्या परिस्थितीस कितपत लागू पडतो, याचा विचार केला आहे.

वादाचे दोन पक्ष

पहिल्या पक्षाची मांडणी प्रामुख्याने सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी केली. मार्टिन किलियास यांनी १९९३ मध्ये चौदा देशांतील सर्वेक्षणांच्या आधारे घरोघरी असलेल्या बंदुका आणि हत्या व आत्महत्या यांच्या दरांत सहसंबंध दाखविला. पुढे डेव्हिड हेमेनवे आणि मॅथ्यू मिलर यांनी उच्च उत्पन्न गटातील २६ देशांची तुलना करून २००० मध्ये असाच निष्कर्ष मांडला. दुसऱ्या पक्षाचे प्रवक्ते अर्थतज्ज्ञ जॉन लॉट. त्यांच्या 'मोअर गन्स, लेस क्राइम' (१९९८) या ग्रंथाने शस्त्रधारी नागरिक गुन्हेगारास परावृत्त करतो, असे प्रतिपादन केले. डॉन केट्स आणि गॅरी माउझर यांनी २००७ मध्ये हार्वर्डच्या एका विधिविषयक नियतकालिकात युरोपीय देशांचे दाखले देऊन बंदुकांवरील बंदीने हत्या कमी होत नाहीत, असा दावा केला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने मात्र २००४ च्या अहवालात, शस्त्र बाळगण्याच्या परवानगीविषयीच्या कायद्यांमुळे गुन्हे वाढतात किंवा घटतात यांपैकी काहीच उपलब्ध पुराव्यावरून ठामपणे सांगता येत नाही, असे नमूद केले. हा वाद आकड्यांच्या अभावी अनिर्णित राहिलेला नाही. आकडे कशाचे मोजमाप करतात हे न तपासता ते वापरले गेले, हे त्याचे खरे कारण होय.

मोजमापाचा प्रश्न

'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हास्थित संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेत दर शंभर व्यक्तींमागे १२०.५, स्वित्झर्लंडमध्ये २७.६, भारतात ५.३ आणि जपानमध्ये ०.३ बंदुका नागरिकांजवळ होत्या. भारतातील एकूण संख्या सुमारे ७ कोटी ११ लाख मानली गेली. त्यांपैकी केवळ ९७ लाख नोंदणीकृत आणि उर्वरित ६ कोटींहून अधिक बिगर-नोंदणीकृत, असे हे वर्गीकरण आहे. म्हणजे भारताच्या आकड्याचा सहा-सप्तमांशाहून मोठा भाग हा मोजणीचा नसून अनुमानाचा आहे.

नोंदणीकृत संख्येबाबतही शंका घेण्यास जागा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्या काळी एका परवान्यावर जास्तीत जास्त तीन शस्त्रे ठेवता येत. ९७ लाखांचा आकडा खरा मानायचा, तर जवळजवळ प्रत्येक परवानाधारकाकडे तीन शस्त्रे होती असे समजावे लागेल. ज्या देशात परवान्याची बंदूक ही बहुधा एकच आणि बऱ्याचदा वडिलोपार्जित असते, तेथे हे संभवनीय वाटत नाही.

हत्येच्या आकड्याचीही हीच गत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण २.१ होते. यात हुंडाबळीचा समावेश नाही, कारण भारतीय दंड संहितेत कलम ३०४-ब अन्वये तो स्वतंत्र गुन्हा होता. त्या वर्षी हुंडाबळीची सुमारे साडेसहा हजार प्रकरणे होती. सदोष मनुष्यवधही वेगळाच नोंदला जातो. तेव्हा 'भारताचा हत्यादर' म्हणून जो आकडा तुलनेत मांडला जातो, तो कायद्याच्या वर्गीकरणाने घडविलेला असतो.

निवडीचा प्रश्न

आकडे जसे सदोष, तशी देशांची निवडही पूर्वग्रहयुक्त असू शकते. केवळ संपन्न देश घेतले, तर अमेरिका दोन्ही बाबतींत इतकी टोकाला असते की तिच्या एकटीमुळे सहसंबंधाची रेषा वर झुकते. उलट सर्वच देश घेतले, तर होंडुरासमध्ये शंभर व्यक्तींमागे अवघ्या १४ बंदुका असूनही २०१७ मध्ये हत्यादर लाखामागे ४० च्या आसपास होता, आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या दुप्पट बंदुका असूनही तो एकाहून कमी होता, असे दिसते. यावरून बंदुका निरुपद्रवी ठरत नाहीत. मादक द्रव्यांचा व्यापार, दुबळी न्यायव्यवस्था आणि टोळ्यांचे वर्चस्व ही कारणे तुलनेत धरली गेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होतो.

केट्स आणि माउझर यांच्या लेखातील लक्झेंबर्गचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. बंदुका जवळपास नसलेल्या या देशात २००२ मध्ये हत्यादर ९.०१, म्हणजे जर्मनीच्या नऊपट होता, असे त्यांनी लिहिले. सुमारे साडेचार लाख लोकसंख्येच्या देशात हा दर म्हणजे वर्षाला ४० हत्या. त्या देशाच्या अन्य नोंदी याच्या जवळपासही जात नाहीत. मूळ तक्त्यात दशांश चिन्ह सरकले असावे, असे टीकाकारांनी पुढे दाखविले. एका चिन्हाच्या चुकीवर आधारलेले उदाहरण वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले, याला कारण ते सोयीचे होते. अशी सोय पाहण्याचा मोह बंदीच्या समर्थकांनाही होतोच. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या व त्यानंतर बंदुकीने होणारे मृत्यू घटले, हे खरे आहे. परंतु ते त्यापूर्वीही घटत होते, ही बाब प्रचारात सहसा सांगितली जात नाही.

भारतांतर्गत तुलना

देशांऐवजी एकाच कायद्याखालील राज्यांची तुलना केल्यास संस्कृती आणि कायद्यांतील भेदाची अडचण काही अंशी दूर होते. २०१६ अखेर उत्तर प्रदेशात सुमारे १२ लाख ७८ हजार परवाने होते, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार आणि बिहारमध्ये साडेब्याऐंशी हजार. २०२२ मध्ये खुनाचा दर लाखामागे उत्तर प्रदेशात १.५, महाराष्ट्रात १.८ आणि बिहारमध्ये २.३ होता. महाराष्ट्राच्या पंधरापट परवाने असलेल्या राज्यात खुनाचा दर महाराष्ट्राहून कमी, आणि जवळपास सारखेच परवाने असलेल्या दोन राज्यांत तो बराच भिन्न, असे चित्र यातून उभे राहते.

लॉट यांच्या अनुयायांना हा विजय वाटेल. परंतु तो घाईचा ठरेल. उत्तर प्रदेशातील २,१३८ हुंडाबळी खुनांत मिळविले, तर तेथील दर २.४ च्या घरात जातो. महाराष्ट्रात ही प्रकरणे त्या मानाने फारच कमी आहेत. शिवाय भारतात बंदुकीने होणारे बहुतांश खून विनापरवाना शस्त्रांनी होतात. परवान्यांची संख्या ही प्रतिष्ठेची आणि प्रशासकीय औदार्याची मोजणी आहे. गावठी कट्ट्यांची नव्हे. सारांश, सदर तुलनेतून परवाना निर्दोष ठरत नाही, तसा दोषीही ठरत नाही. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला आहे, हे मात्र ती दाखवून देते.

हेतू आणि साधन

मग या वादातून ग्राह्य असे काय उरते? फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ मध्ये शिकागोतील हल्ल्यांचा अभ्यास करून बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाचपट प्राणघातक ठरतो, असे दाखविले. हल्ल्यांमागील हेतू बहुधा सारखेच, क्षणिक संतापाचे होते. परिणाम मात्र साधनाने ठरविला. झिमरिंग व गॉर्डन हॉकिन्स यांनी 'क्राइम इज नॉट द प्रॉब्लेम' (१९९७) या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. चोरी-मारामारीच्या बाबतीत अमेरिका इतर संपन्न देशांहून फारशी वेगळी नाही. तिच्यातील भांडणे मृत्यूत अधिक संपतात, हे तिचे वेगळेपण आहे.

हे विधान वऱ्हाडात सहज पडताळता येते. येथील धुऱ्याचा वाद पिढ्यान् पिढ्या चालतो. पेरणीच्या दिवसांत तासभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांवर धावून जातात. हाती काठी वा कुऱ्हाड असते. जखमी माणूस अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची आणि वाद न्यायालयात जाण्याची शक्यता त्यामुळे शिल्लक राहते. त्याच हातात बंदूक असती, तर संताप वाढला नसता. वाचण्याची शक्यता घटली असती. तेव्हा बंदूक हत्येचे कारण नसली, तरी हत्येचा गुणक आहे, एवढे विधान टिकते. त्यापलीकडचे दावे आजच्या पुराव्यावर टिकत नाहीत.

पीकसंरक्षण आणि परवाना

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या चौकटीत बांधले आणि युरोपीयांना मोकळे ठेवले. त्यामुळे निःशस्त्रीकरणाविषयीचा रोष राष्ट्रीय सभेच्या ठरावांतूनही व्यक्त झाला. स्वातंत्र्योत्तर १९५९ च्या कायद्याने वंशभेद काढला. त्यातील कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. ठासणीची बंदूक प्रत्येक बारानंतर पुन्हा भरावी लागते. रानडुकरांना पिटाळण्यास ती पुरेशी आणि माणसांच्या भांडणात तुलनेने मंद आहे. म्हणजे साधनाच्या घातकतेनुसार परवाना द्यावा, हे झिमरिंग यांचे सूत्र त्यांच्यापूर्वीच या कायद्यात अंतर्भूत होते.

व्यवहारात या तरतुदीचा उपयोग आक्रसला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) उभ्या पिकाच्या रक्षणार्थ काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याचा मार्ग ठेवतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबत तशी कार्यपद्धती आखली. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरांच्या हत्येवरून केंद्रातील मंत्र्यांतच जाहीर मतभेद झाले. परवानगी कागदावर मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच. मग काही ठिकाणी कुंपणात वीजप्रवाह सोडला जातो आणि त्यात जनावरांसह माणसेही दगावतात. बंदूक नाकारल्याने साधन नाहीसे होत नाही; कधी कधी अधिक आंधळे साधन तिची जागा घेते. दुसरीकडे, मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानी भागांतून येणारे कट्टे पोलीस वारंवार पकडतात. पीकरक्षकाचा अर्ज वर्षभर पडून राहावा आणि कट्टा मात्र सहज मिळावा, ही विसंगती हत्यादराच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

घरातील साधन

अमेरिकेच्या २०२१ च्या आकडेवारीत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. हत्यादरावर खिळलेल्या चर्चेत हा भाग झाकला जातो. वऱ्हाडच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा धडा येथेच आहे. अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची शासकीय नोंद २००१ पासून ठेवली जाते. येथील घरात बंदूक नसते. अतिविषारी कीटकनाशक असते. श्रीलंकेने १९९५ नंतर अशी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि दशकभरात तेथील आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. अन्य मार्गांनी ती उणीव भरून निघाली नाही. 'साधन काढले तरी माणूस दुसरे शोधतो' हा बंदूकसमर्थकांचा मुख्य आक्षेप या ठिकाणी अनुभवाने खोटा ठरतो. संकटाचा क्षण टळला की माणूस बहुधा वाचतो. भारतानेही २०१८ च्या आदेशाने काही घातक कीटकनाशकांवर बंदी घातली. अर्थात कर्ज, कापसाचा भाव आणि कोरडवाहू शेती या मूळ कारणांना विषावरील नियंत्रण हा पर्याय नव्हे. परंतु मूळ कारण दूर होईपर्यंत माणूस जिवंत राहावा, यासाठी ते आवश्यक आहे.

निष्कर्ष

देशोदेशींच्या बंदुका व हत्यादर यांची सरळ तुलना मोजमाप आणि निवड या दोन्ही दोषांमुळे कोणत्याही पक्षाच्या बाजूने निर्णायक ठरत नाही. टिकणारे तत्त्व एवढेच की साधन जितके घातक आणि जितके हाताशी, तितका क्षणिक आवेग मृत्यूत संपण्याचा संभव अधिक. या तत्त्वानुसार वऱ्हाडात तीन गोष्टी इष्ट ठरतात. ठासणीच्या बंदुकीचा पीकसंरक्षण परवाना हंगामापुरता, गावपातळीवर सुरक्षित ठेवण्याच्या अटीवर आणि ठराविक मुदतीत दिला जावा. विनापरवाना शस्त्रांच्या पुरवठ्यावर तपास केंद्रित व्हावा. आणि अतिविषारी कीटकनाशकांची विक्री व घरातील साठवण यांकडे शस्त्राइतक्याच गांभीर्याने पाहिले जावे. यांपैकी तिसरी गोष्ट बंदुकीच्या वादात कोणी मांडत नाही. परंतु या प्रदेशात सर्वाधिक जीव तिनेच वाचण्याचा संभव आहे.