नुसता एमआयसी वाचू नका: लॅसिओग्लॉसिनच्या पेपरच्या निमित्ताने



पीएचडीच्या पहिल्या वर्षी सिनॉप्सिससाठी मी एक तक्ता केला होता. डावीकडे पेप्टाइडांची नावं, उजवीकडे एमआयसी, म्हणजे ज्या कमीत कमी मात्रेला जिवाणूंची वाढ दिसेनाशी होते तो आकडा. आकडा जितका लहान तितकं पेप्टाइड भारी, एवढंच माझं गणित! गाइड मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "हे जिवाणूंचं झालं. तांबड्या पेशींचा रकाना कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस नव्याने लिहिण्यात तीन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज एक पेपर तुमच्यासोबत वाचतेय.

प्रागमधल्या वात्स्लाफ चेर्झोव्स्की यांच्या गटाचा हा पेपर २००९ साली 'केमबायोकेम'मध्ये आला. लॅसिओग्लॉसम लॅटिसेप्स या रानमधमाशीच्या विषातून त्यांनी तीन पेप्टाइडं वेगळी केली: लॅसिओग्लॉसिन १, २ आणि ३. प्रत्येकात अमिनो आम्लं फक्त १५.

हे महत्त्वाचं का, ते आधी बघू. पाळीव मधमाशीच्या विषातलं मुख्य पेप्टाइड म्हणजे मेलिटिन. २६ अमिनो आम्लांचं, आणि सुक्या विषाच्या वजनात त्याचा वाटा जवळपास निम्मा. ते जिवाणू मारतं, पण आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. जिवाणूच्या पटलाची बाहेरची बाजू ऋणभारित असते, आपल्या पेशींची जवळजवळ उदासीन. त्यामुळे धनभारित पेप्टाइड जिवाणूकडे ओढलं जातं. पण पेप्टाइडची पाण्याला टाळणारी बाजू फार प्रबळ असली, तर ते भार न बघता कुठल्याही पटलात घुसतं. अशा पेप्टाइडचं औषध कसं होणार?

आता पेपरची जमेची बाजू. तिन्ही पेप्टाइडांत पाच लायसिन अगदी त्याच जागी आहेत. पहिल्यात सहाव्या जागी व्हॅलिन आहे, दुसऱ्यात तिथे आयसोल्यूसिन. तिसऱ्यात शिवाय चौदाव्या जागचं अ‍ॅलनिन जाऊन व्हॅलिन आलंय. म्हणजे भार तोच ठेवून स्निग्धपणा किंचित वाढवत नेण्याचा प्रयोग निसर्गानेच करून ठेवलाय. दुसरं म्हणजे, जिवाणूंवरचा परिणाम, तांबड्या पेशी फुटणं आणि मास्ट पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्यं बाहेर पडणं, या तिन्ही चाचण्या एकाच पेपरात आहेत. माझ्या तक्त्यात नेमकं हेच नव्हतं.

माझे आक्षेप मुख्यतः सारांशातल्या शब्दांवर आहेत, आणि आपण ते कसे वाचतो यावर.

पहिला शब्द: तांबड्या पेशींवरचा परिणाम 'कमी'. कशाच्या तुलनेत कमी? समजा एका पेप्टाइडचा एमआयसी २ मायक्रोमोलर आहे आणि निम्म्या तांबड्या पेशी २० मायक्रोमोलरला फुटतात. मग हाताशी अंतर फक्त दहापट. त्या २०० ला फुटत असतील तर शंभरपट. 'कमी' हा शब्द दोन्हीकडे बसतो, गुणोत्तर मात्र तुम्हालाच काढावं लागतं. याच गटाने २०१० साली हॅलिक्टस सेक्ससिंक्टस या माशीतली हॅलिक्टिन प्रसिद्ध केली. माशी त्याच कुळातली, पेप्टाइडं १२ अमिनो आम्लांची; पण तिथे तांबड्या पेशींवरचा परिणाम लक्षात येण्याजोगा आहे असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. तेव्हा 'रानमधमाशीचं पेप्टाइड म्हणजे सुरक्षित' असं सरसकट लिहू नका.

दुसरा शब्द: 'हेलिक्स'. ही रचना ट्रायफ्लुरोइथेनॉल आणि एसडीएसच्या द्रावणात दिसलीय. ट्रायफ्लुरोइथेनॉल हेलिक्सला मुळातच बळ देतं. लेखकांनी द्रावण स्पष्ट सांगितलंय. आपण सेमिनारमध्ये ते गाळतो आणि 'पेप्टाइड हेलिकल आहे' म्हणून मोकळे होतो.

तिसरी गोष्ट: कर्करोगाच्या पेशी मरतात, पण काचेच्या भांड्यात. भांड्यात रक्त वाहत नाही, आणि पेप्टाइडचे तुकडे करणारी शरीरातली विकरंही तिथे वाट बघत नसतात.

भांडं आणि रुग्ण यांत किती अंतर असतं ते बेडकाच्या कातडीतल्या मॅगेनिनवरून कळतं. मायकेल झॅस्लॉफ यांनी ते १९८७ साली प्रसिद्ध केलं. त्यावरून बनवलेलं पेक्सिगॅनन मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी मलम म्हणून थेट चाचण्यांपर्यंत पोचलं. तरीही १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मंजुरी नाकारली. जिवाणू मरतात एवढं पुरेसं नव्हतं. आधीच हाताशी असलेल्या औषधापेक्षा ते सरस आहे हे दिसलं नाही.

लॅसिओग्लॉसिनचा पेपर मला आजही आवडतो. पण विषय निवडताना नुसता सारांश वाचून हुरळून जाऊ नका. एक तक्ता करा: एमआयसी, तांबड्या पेशी, दोन्हींचं गुणोत्तर आणि चाचणी कोणत्या द्रावणात झाली ते. एखादा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. कदाचित तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच असेल. माझा तिथेच सापडला.