खोऱ्याचा इतिहास कोणाच्या वर्तमानपत्रातून?

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कळंबचा इतिहास सांगू लागले की चिंतामणीचे मंदिर पुढे येते आणि लेखणी बहुधा तेथेच थांबते. विसाव्या शतकाकडे वळलेला अभ्यासक यवतमाळच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली उघडतो. बापूजी अण्यांचे ‘लोकमत’, १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, कापसाचे भाव. एवढे हाती लागले की खोऱ्याचा इतिहास पूर्ण! पण तो कापूस वेचणारे हात, गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा यांची बातमी कोण छापणार होते?

३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हे दुखणे हेरले होते: बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत. त्याच सुमारास वर्धेपलीकडे नागपुरात किसन फागूजी बनसोडे ‘मजूर पत्रिका’ चालवीत होते. म्हणजे साधने नव्हती असे नाही. ती साधने म्हणून मानली गेली नाहीत.

तेव्हा फायलींतील मौनही पुरावा म्हणून वाचले पाहिजे. त्याशेजारी बहिष्कृतांची पत्रे ठेवली पाहिजेत, आणि वस्तीतील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडचा इतिहास लिहून घेतला पाहिजे. हे काम कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे. ज्यांनी आपल्याला बातमीत घेतले नाही, ते इतिहासात कशाला घेतील?