निष्कर्षातला 'च' कुठून आला? टूलमिन वाचताना

नेट-सेटच्या पेपर एकसाठी तुम्ही सिलॉजिझम सोडवले असतीलच. 'सर्व अ ब आहेत, सर्व ब क आहेत, म्हणून सर्व अ क आहेत.' वर्तुळं काढायची, पर्याय निवडायचा, दोन मार्क घ्यायचे. मीही तेच केलं. मग पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनारमध्ये एक स्लाइड दाखवली: 'एक्सआरडीमध्ये ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर पीक्स दिसले, म्हणून नमुना शुद्ध झिंक ऑक्साईड आहे.' गाइडनी एवढंच विचारलं, "यातलं 'शुद्ध' कुठून आणलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर मी स्टीफन टूलमिन यांचं 'द युजेस ऑफ आर्ग्युमेंट' (१९५८) वाचायला घेतलं. टूलमिन गणित आणि भौतिकशास्त्र शिकून तत्त्वज्ञानाकडे वळलेले. त्यांची तक्रार अशी की तर्कशास्त्राने गणिती सिद्धता हा आदर्श मानला आणि माणसं प्रत्यक्षात कसा युक्तिवाद करतात, ते बाजूला ठेवलं. त्यांनी स्वतः नमुना घेतला तो न्यायालयाचा. त्यांच्या मांडणीत दावा असतो, त्याला माहितीचा आधार असतो, आणि आधारावरून दाव्याकडे जाण्याची परवानगी देणारा एक नियम असतो, म्हणजे 'वॉरंट'. शिवाय त्या नियमाला पाठबळ, दाव्याला 'बहुधा'सारखी मर्यादा आणि शेवटी अपवाद. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण: हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन, मात्र आईवडील दोघंही परदेशी असले तर गोष्ट वेगळी.

माझी स्लाइड यात बसवून बघा. आधार: पीक्स. वॉरंट: प्रत्येक स्फटिकी पदार्थाच्या पीक्सची रचना ठरलेली असते. पाठबळ: ब्रॅगचा नियम. अपवाद: अस्फटिकी अशुद्धी असली तर तिचे टोकदार पीक्स येत नाहीत, आणि अगदी कमी प्रमाणातली अशुद्धी पार्श्वभूमीत हरवते. अपवादाची जागा भरायला घेतली आणि 'शुद्ध' तिथेच गळून पडलं. पुस्तकाची खरी ताकद ही: तो रिकामा रकाना तुम्हाला गप्प बसू देत नाही.

पण आकारिक तर्कशास्त्रावर टूलमिन अन्याय करतात, असं मला वाटतं. माझंच वाक्य जर-तरमध्ये लिहा: 'झिंक ऑक्साईड असेल तर हे पीक्स दिसतील. पीक्स दिसले. म्हणून झिंक ऑक्साईड आहे.' कुठलंही प्राथमिक पुस्तक सांगेल की हा आकार अवैध आहे. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, पण ओल्या अंगणावरून पाऊस सिद्ध होत नाही. कुणी सडाही घातला असेल. म्हणजे भोक आहे हे तर्कशास्त्राने आधीच दाखवलं होतं. ते किती मोठं आहे आणि कशाने बुजेल, हे मात्र ते सांगू शकत नाही. त्यासाठी एक्सआरडीच माहीत असावं लागतं.

दुसरी अडचण वॉरंट आणि पाठबळ यांच्या सीमेची. ब्रॅगचा नियम माझ्याकडे पाठबळ आहे. पीक्सवरून स्फटिकातल्या प्रतलांमधलं अंतर काढणाऱ्यासाठी तोच वॉरंट. प्रबंधाच्या एका प्रकरणात असे वीस-पंचवीस टप्पे असतात आणि एकातला दावा पुढच्यात आधार होतो. एवढ्या लांब साखळीसाठी टूलमिन यांची आकृती अपुरी पडते.

आणि एक गोष्ट दोन्हींकडून निसटते: वाक्याचं चिन्हांत रूपांतर करण्याआधी ते नेमकं काय म्हणतं, हे ठरवावं लागतं. 'नमुन्यात झिंक ऑक्साईड आहे' आणि 'नमुन्यात झिंक ऑक्साईडच आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. माझे पीक्स पहिल्याला भक्कम आधार देतात, दुसऱ्याला नाही. 'अभ्यास केलास तर पास होशील' आणि 'केलास तरच होशील' यांतला फरक घरी कुणाला समजावावा लागत नाही. सिनॉप्सिस लिहिताना मात्र तोच फरक आपण विसरतो.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. निदान युक्तिवादाच्या रचनेवरचं प्रकरण तरी. पण त्याआधी स्वतःच्या मसुद्यातली 'म्हणून' असलेली वाक्यं अधोरेखित करा. प्रत्येकात लपलेला 'च' शोधा आणि समासात 'मात्र... असेल तर' असा एक अपवाद लिहा. मी केलं तेव्हा एका प्रकरणातले चार निष्कर्ष बदलावे लागले. 'शुद्ध' आता 'एक्सआरडीच्या मर्यादेत अन्य फेज आढळला नाही' असं झालंय. वाक्य लांबलं खरं, पण आता कुणी विचारलं तर उत्तर देता येतं.