सेल्युलॉइड मॅन आणि लाईटबिल

गेल्या पावसाळ्यात आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट माळ्यावरून खाली काढली. टेपवर पांढरी बुरशी चढली होती. दुकानदार म्हणाला, ‘‘साफ करून बघतो, पण मधला भाग गेलाय.’’ मधला भाग म्हणजे सप्तपदी. त्याच रात्री मी शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहताना डोळे भरून आले होते. या वेळी मात्र एक रुक्ष प्रश्न डोक्यातून जाईना : हे सगळे डबे थंड ठेवायचं लाईटबिल कोण भरतं?

हा माहितीपट पी. के. नायर यांच्यावर आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते उभं करणारा हा माणूस. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज जेवढा उरला आहे, त्यामागे त्यांची धडपड आहे. भारतात १७०० मूकपट बनले आणि नायर त्यातले फक्त नऊ वाचवू शकले, असं माहितीपट सांगतो. ‘आलम आरा’ची रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली गेली, हा प्रसंग ऐकताना पोटात खड्डा पडतो. आणि कर्नाटकातल्या हेग्गोडू गावातली माणसं ‘बायसिकल थीव्ह्ज’बद्दल बोलतात, तेव्हा सिनेमा कोणासाठी जपायचा, याचं उत्तर आपसूक मिळतं. तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा.

माझी तक्रार त्याच्या रचनेबद्दल आहे. ही शोधाची गोष्ट आहे. फिल्म हरवली होती, नायर गेले, फिल्म मिळाली. मिळाली की गोष्ट संपते आणि पुढची सुरू होते. पण संग्रहालयाच्या दृष्टीने डबा हाती येतो तेव्हा काम नुकतं सुरू झालेलं असतं.

विसाव्या शतकातल्या बऱ्याचशा फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा आहे. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तो विघटित होतो आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटतं. हे आम्ल उरलेल्या फिल्मचं विघटन आणखी वेगाने करतं. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या नव्या फिल्मला ही लागण व्हायला साधारण ४०-५० वर्षं लागतात. गारवा वाढवला की हा काळ कित्येक पटींनी लांबतो. रंगीत फिल्मचे रंगही गारव्यातच टिकतात. म्हणजे एसी इथे चैन नाही, एसी हेच जतन आहे.

आणि हा आपल्या ऑफिसातला एसी नव्हे. नुसती हवा गार केली तर तिची सापेक्ष आर्द्रता वाढते, म्हणून हवेतलं पाणीही काढावं लागतं. पुण्याच्या जुलैमध्ये त्याला किती वीज लागत असेल, बघा. बिल वाचवायला रात्री बंद करावा, तर तापमान वर-खाली होऊन डब्यांवर दव धरायची भीती. म्हणून चोवीस तास, बाराही महिने. शिवाय जनरेटर, फिल्टर, कॉम्प्रेसरची दुरुस्ती. नायर चांगला-वाईट असा भेद न करता सगळं साठवा म्हणत. मला ते पटतं. पण सगळं साठवायचं म्हणजे सगळं थंड ठेवायचं. या आग्रहाची किंमत काय, हे जवळजवळ अडीच तासांत मध्यावर कधी येतच नाही.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी केंद्राने ५९७ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा बातमी झाली. व्हायलाच हवी. पण मोहिमेला सुरुवात आणि शेवट असतो. लाईटबिलाला शेवट नसतो. नवी इमारत उभी राहिली की फीत कापता येते. तिसाव्या वर्षी कॉम्प्रेसर बदलला तर कोण फीत कापणार?

हे बिल थकलं की काय होतं, हे ब्राझीलमध्ये दिसलं. साओ पाउलोच्या सिनेमातेका ब्राझिलेरा या संग्रहालयाचा सरकारी निधी २०२० मध्ये अडकला. पगार थांबले, विजेची बिलं थकली, ऑगस्टमध्ये कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. २९ जुलै २०२१ रोजी संग्रहालयाच्या एका गोदामाला आग लागली. अग्निशमन दलाच्या सांगण्यानुसार ती एसीच्या देखभालीचं काम चालू असताना लागली. ज्या यंत्राने फिल्म वाचायच्या, त्याच्याच दुरुस्तीत त्या जळाल्या. तिथे आधी निधी गेला होता, मग जाणती माणसं गेली होती, आग सगळ्यात शेवटी आली.

यंत्रांवर सिनेमा कसा करणार, असं कोणी म्हणेल. आलँ रेने यांनी १९५६ मध्येच केला होता. ‘तूत ला मेम्वार द्यू माँद’ हा त्यांचा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयावरचा एकवीस मिनिटांचा लघुपट. त्यात कॅमेरा पुस्तकांच्या रांगांमधून फिरतो, तसाच तापमान आणि आर्द्रता सांभाळणाऱ्या यंत्रांपाशीही जातो. तिथे कोणी नायक नाही. आठवण ही एका माणसाच्या वेडावर नाही, रोज चालणाऱ्या व्यवस्थेवर टिकते, हे मात्र नीट कळतं.

डुंगरपूर यांना हे माहीत नाही असं मी म्हणत नाही. नायर १९९१ मध्ये निवृत्त झाल्यानंतरच्या संग्रहालयाबद्दलची हळहळ माहितीपटात आहेच. पण तिचा सूर ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ असा लागतो. या सुरात आपली सुटका असते. माणूस गेला, २०१६ मध्ये नायरही गेले, आता आपण काय करणार? व्यवस्था म्हटली की प्रश्न आपल्यापाशी येतो. तो कर आपण भरतो. आणि सगळं डिजिटल केलं की झालं, असं वाटत असेल, तर ज्या सर्व्हरवरून तुम्ही फोनवर जुना सिनेमा बघता, त्यालाही कुठेतरी थंड ठेवावंच लागतं.

आठवड्याने कॅसेट परत मिळाली. सप्तपदी नाहीच. दुकानदाराने हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या दिल्या. ‘‘दर पावसाळ्याआधी बदला,’’ म्हणाला. खर्च शंभर रुपयांच्या आतला. पण गेली तीस वर्षं दरवर्षी कोणीतरी तो आठवणीने करायला हवा होता.