सबूर, सबुरी आणि सब्र

मराठीत 'सबूर!' म्हटले की समोरचा माणूस जागच्या जागी थांबतो. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि येताना त्याचे निम्मे ओझे वाटेतच उतरले. 'सबूर' म्हणजे थांब. 'सबुरीचे फळ गोड' म्हणजे थांबलेल्याचा फायदा. शिर्डीच्या साईबाबांची 'श्रद्धा आणि सबुरी' तर पुण्यातल्या रिक्षांच्या पाठीवरही रंगवलेली असते. सिग्नलला ती पाळली जाते की नाही, हा भाग वेगळा. मात्र हेमाडपंतांच्या 'साईसच्चरिता'त या शब्दाचे जुने वजन शिल्लक आहे. तिथे गुरू शिष्याकडे दक्षिणा मागतो ती दोन पैशांची, एक पैसा निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. म्हणजे सबुरी ही गाठीची काढून द्यायची गोष्ट आहे. नुसते हात बांधून उभे राहणे नव्हे.

'हवाला' या शब्दाचीही तीच गत. 'देवावर हवाला ठेवला' असे आपण म्हणतो ते बहुधा सगळे प्रयत्न संपल्यावर, उसासा टाकून. तवक्कुल हा उसासा नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा की बांधून ठेवावा, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले, ही हदीस आपल्या घरांत मुलांनाही ठाऊक असते.

हे शब्दपुराण सांगण्याचे कारण असे, की आमच्या मते मुस्लिम मराठी साहित्याने सब्रचा हा निम्मा, उतरलेला अर्थच उचलला आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कथा-कवितांत दारिद्र्य आले, दंगली आल्या, तलाक आला, संशयाच्या नजरा आल्या. हे सारे यायलाच हवे होते. पण या साऱ्यांतून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस मुसल्यावर बसून काय करतो, हे आमच्या वाचनात फार थोड्या ठिकाणी आले. आई नमाज पढते, ती पार्श्वभूमीसाठी. अजान होते, ती संध्याकाळ झाली हे सांगण्यासाठी. सुधारकी कथेत दुआ मागणारी बाई मागासलेली असते आणि धार्मिक कथेत शेवटच्या परिच्छेदात तिची दुआ कबूल होते. दोन्हीकडे ती गप्प असते. त्या गप्प बसण्यालाच आपण सब्र म्हणत आलो.

कुरआन मात्र सब्र करणाऱ्यांना गप्प बसवत नाही. सूरह यूसुफमधले हजरत याकूब (अ.) पाहा. मुलाचा रक्ताळलेला सदरा समोर येतो तेव्हा ते सुंदर सब्राचा उच्चार करतात, दुसरा मुलगा दुरावतो तेव्हा पुन्हा तोच उच्चार करतात. आणि तरीही रडून रडून त्यांचे डोळे पांढरे होतात. उरलेली मुले वैतागतात, म्हातारा आठवणी काढून काढून मरेल म्हणतात. यावर याकूब आपले रडणे नाकारत नाहीत. आपण आपले दुःख फक्त अल्लाहपुढे मांडतो, एवढे ते स्पष्ट करतात. आणि लगेच पुढच्या आयतीत काय आहे? मुलांना ते यूसुफला शोधायला धाडतात, अल्लाहच्या कृपेची आशा सोडू नका म्हणून बजावतात. रडणे, गाऱ्हाणे आणि शोध, तिन्ही एकाच माणसाच्या सब्रात आहेत. आपल्या कथाकारांपैकी कोणी या तीन आयती एका दमात वाचल्या असत्या, तर आपल्या साहित्यातली आई वेगळी झाली असती.

हजरत अय्यूब (अ.) यांचेही तसेच. त्यांच्या सब्राची म्हण झाली, पण सूरह अंबियातल्या त्यांच्या दुआचा घाट कोणी पाहत नाही. त्या दुआत मागणी अशी नाहीच. मला पीडा झाली आहे आणि तू सर्वांहून दयाळू आहेस, या आशयाची दोन विधाने शेजारी ठेवली आहेत, बस्स. मधला धागा ऐकणाऱ्याने जोडायचा. यापेक्षा संयमी संवाद आम्ही कुठल्या कादंबरीत वाचलेला नाही. आणि उत्तर येते ते पाय जमिनीवर आपट, असे. पाणीही त्यांच्या पायाशीच निघते. बीबी मरियम तर प्रसूतीच्या कळांत, याआधीच मेले असते तर बरे, असे म्हणून जातात आणि कुरआन ते झाकत नाही.

आता लेखकाची एक खरी अडचण आहे, तिच्याशी आम्हाला सहानुभूती आहे. आपले पात्र दुआ कोणत्या भाषेत मागणार? नमाज अरबीत होते. सलाम फेरून हात वर केले की पुण्याच्या मोमिनपुऱ्यात किंवा कॅम्पात ओठांवर दखनी येते. कोकणातल्या घरात तिथली बोली येते. कथा मात्र प्रमाण मराठीत. लेखक त्या हात वर केलेल्या क्षणापाशी अडखळतो आणि 'तिने मनोमन प्रार्थना केली' असे लिहून मोकळा होतो. 'प्रार्थना' हा शब्द वाईट नाही, पण त्यात पदर पसरून हट्टाने मागणारी ती बाई दिसेनाशी होते. तिने काय मागितले, कितव्यांदा मागितले, मागताना कोणावर रुसली, हे सगळे त्या एका वाक्याखाली गाडले जाते. घाई करू नका, 'मागितले पण मिळाले नाही' असे म्हणू नका, तोवर दुआ कबूल होत असते, असे हदीस सांगते. म्हणजे न मिळालेल्या काळातही काहीतरी चालू असते. कादंबरीला आणखी काय हवे असते?

पुण्याकडे वळतो. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी होत्या आणि शाळेचा भार इथे पुण्यात फातिमावर पडला होता. तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्या पत्रात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी समकालीन म्हणावा असा पुरावा हाताशी आहे तो जवळजवळ एवढाच. अलीकडे त्यांच्याविषयी वाद झाले, जन्मतारखा ठरल्या, चित्रे निघाली. पण आपल्या कवींनी त्या उल्लेखातून उचलले ते 'कुरकुर न करणे'. मैत्रिणीने कौतुकाने केलेल्या एका उल्लेखाची आपण मूर्ती केली. ती माणसांपुढे कुरकुरली नसेल. अल्लाहपुढे कुरकुरली नसेल कशावरून? याकूबांच्या आयती तिलाही ठाऊक असणार, असे मानायला काय हरकत आहे?

दुसरे उदाहरण शब्दाचे आहे. मेहरुन्निसा दलवाई यांचे आत्मकथन १९९५ साली आले, नाव 'मी भरून पावले आहे'. त्यांचे पती हमीद दलवाई यांच्याविषयी या अंकाच्या वाचकांत एकमत नाही आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नाही. मेहरुन्निसा किती नमाजी होत्या, हे मोजण्याचा अधिकार कोणालाच नाही. आम्ही फक्त शीर्षक पाहतो. 'भरून पावणे' हा मुळात पावतीचा शब्द, येणे पूर्ण मिळाल्याची सही. तोंडी तलाकविरुद्ध सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर गेला तो १८ एप्रिल १९६६ रोजी. १९९५ पर्यंत त्या मागणीतला छदामही पदरात पडला नव्हता. उलट १९८५-८६ मध्ये शाहबानोचा निकाल आणि त्यानंतरचा कायदा पाहावा लागला होता. येणे असे थकलेले असताना ही बाई पावतीवर सही करते! सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मेहरुन्निसाबाई त्याच वर्षी ८ जूनला वारल्या होत्या. अडीच महिने.

या शीर्षकावर आपल्याकडे लिहिले गेले ते कृतज्ञतेचे, नाही तर पतिनिष्ठेचे म्हणून. आम्हाला ते हजरत जकरिया (अ.) यांच्या शेजारी ठेवावेसे वाटते. हाडे ठिसूळ झाली, डोके पिकले, मूल नाही. तरी तुझ्याकडे मागून मी कधी निराश झालो नाही, असे ते मागणी पुढे करण्याआधीच कबूल करतात. पावती आधी, येणे नंतर. दोघांचा मार्ग एक होता असे आम्ही म्हणत नाही. पण ही उलटी जमाखर्चाची रीत मराठीत एका मुस्लिम बाईच्या पुस्तकाच्या कव्हरावर छापलेली आहे आणि आपल्या समीक्षेने ती अजून उघडून पाहिलेली नाही.

फातिमाबाईंवर कादंबरी लिहिण्याचा विचार आहे, असे आम्हाला मधूनमधून कोणी ना कोणी सांगत असते. त्यांना आमचे एवढेच विचारणे असते, की १८५६ च्या त्या ऑक्टोबरात शाळा सुटल्यावर, मगरिबनंतर, सावित्रीबाईंच्या प्रकृतीसाठी ती हात वर करील तेव्हा तिच्या तोंडी कोणती वाक्ये घालणार, आणि कोणत्या भाषेत?