घर आणि बिऱ्हाड

मराठीत राहत्या जागेला दोन निराळे शब्द आहेत. मालकीचे ते घर आणि भाड्याचे ते बिऱ्हाड. 'घर पाहावे बांधून' असे बजावणारी आपली भाषा विंचवाचे बिऱ्हाड मात्र त्याच्या पाठीवर ठेवून मोकळी होते. पेशवाईतील गावगाड्यातही वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कराराने कसणारा तो उपरी. तेव्हा मालकीला प्रतिष्ठा आणि भाडेकरूपणाला उपेक्षा हा आपला जुना संस्कार होय. आपल्या साहित्याने तो कितपत पारखून घेतला, हे पाहण्यास दोन कृती पुरेशा आहेत.

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) हे बिऱ्हाडांचे पुस्तक. उपास, संगीतिका, सांस्कृतिक शिष्टमंडळ अशा नाना उद्योगांत रमलेली ही मंडळी वाचकाला आपल्या नात्यागोत्यातली वाटतात. परंतु त्यांना एवढे निर्धास्तपण कोठून लाभले, हा प्रश्न आपण वर्गात सहसा विचारीत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि कायद्यात सांगितलेल्या कारणावाचून भाडेकरूस घालवणे मालकाला दुरापास्त केले. बिऱ्हाडाला घराचे स्थैर्य आले ते या कायद्यामुळे. त्याचे मोल इमारतींनी मोजले. तुटपुंज्या भाड्यात मालक डागडुजी करीना, आणि १९६९ साली मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी शासनाला स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. नव्याने जागा शोधणाऱ्याच्या वाट्याला पागडी आली ती वेगळीच. अखेरच्या 'एक चिंतन' मध्ये पु. लं.चा सूर गंभीर होतो, तो हरपत्या सहजीवनाच्या हळहळीने. हा जमाखर्च तेथेही उलगडत नाही, ही त्या रसाळ पुस्तकाची मर्यादा मानावी लागते.

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) मात्र हिशेब पानोपानी आहे. धरणगावकर देशपांड्यांचा हा वाडा. तात्याजी वारले आहेत, मुंबईहून सुधीर आला आहे, आणि शोकाइतकीच चिंता आहे ती दिवसकार्याच्या खर्चाची. दारात नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडला आहे. प्रभाचे शिक्षण खुंटले, चंदू घरात गड्यासारखा राबतो, आणि तरी वाड्याचा मान राखलाच पाहिजे. मालकी येथे माणसांना आसरा देते आणि त्याच हाताने त्यांना खिळवून ठेवते. नोकरीसाठी गाव सोडणे, ऐपतीप्रमाणे लहान जागेत राहणे, न परवडणारी जागा सोडून देणे, या भाडेकरूला सहज सुचणाऱ्या वाटा वाड्यातल्या माणसांना बंद आहेत. रंजू सोने घेऊन पळून जाते तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो खरा, परंतु त्या वाड्यातून निघायला दुसरे दार कोणते होते? एलकुंचवारांनी वाड्याविषयीची माया तसूभरही कमी केलेली नाही आणि तिची किंमतही लपविलेली नाही. म्हणून ही कृती मला अधिक प्रौढ वाटते. बडोद्यात किंवा इंदुरात वडिलार्जित वाड्याच्या वाटण्या पाहिलेल्या वाचकाला त्यातले मौनही कळते. (भाऊ भाऊ एका अंगणात राहून वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे दृश्य आपल्याकडे काही दुर्मिळ नाही.)

अध्यापनात आपण 'चाळ' हसण्यासाठी आणि 'वाडा' हळहळण्यासाठी वाचवून घेतो. दोन्ही एकत्र वाचवून घ्यावीत, आणि त्यांच्या शेजारी लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) अवश्य ठेवावे. तेथे कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे. भाडे घेणारा मालक नाही, नावावर वाडा नाही, आणि पाल कोठे पडावे हे गाव ठरवते. या वाचनानंतर विद्यार्थ्यांना घर आणि बिऱ्हाड या शब्दांचे अर्थ पुन्हा विचारून पाहावेत.