काठमांडू आटपाडीहून किती लांब?

मराठी वर्तमानपत्रांतलं 'देश-विदेश'चं पान महिनाभर नेमाने वाचलं, की जगाचा एक ठरीव नकाशा डोक्यात बसतो. अमेरिकेत निवडणुका नाहीतर गोळीबार, पाकिस्तानात स्फोट, आफ्रिकेत उपासमार आणि साथी, जपानमध्ये भूकंप आणि अधूनमधून काहीतरी गमतीशीर. बाकीचे देश विमान कोसळेपर्यंत नसतातच. मजकूर पीटीआय, रॉयटर्स, एपीकडून येतो आणि उपसंपादक पान सुटायच्या घाईत त्याचा मराठी तर्जुमा करतो. त्या बिचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मूळ बातमी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचा वाचक कधी नव्हताच.

हा वाचक सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचा धरून पाहा. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं पावसाने पाठ फिरवली म्हणून गलाईच्या धंद्यात शिरली. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं. हा धंदा त्यांना केरळ, तामिळनाडू, बंगालपासून पार नेपाळपर्यंत घेऊन गेला. सोन्याचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजाराकडे बघून हलतो, म्हणून अमेरिकेच्या व्याजदराची बातमी या घरांत निकालासारखी ऐकली जाते. २०१८च्या महापुरात वाहिन्यांनी केरळ हेलिकॉप्टरमधून दाखवला, सगळीकडे सारखंच तपकिरी पाणी. ज्याचा भाऊ तिथे दुकान टाकून बसलाय, त्याला कुठल्या पेठेत पाणी शिरलं हे हवं असतं. ते त्याला फोनवरून कळलं. एवढी माहिती असलेला माणूस तालुक्यात असताना त्याला विचारायला मात्र कोणी गेल्याचं दिसत नाही.

नेपाळचा दाखला जास्त बोचरा आहे. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर आपल्या वाहिन्यांचे पत्रकार तिथे धडकले. ढिगाऱ्यापाशी रडणाऱ्यांच्या तोंडापुढे माइक धरले गेले, आपल्या मदतपथकांचं कौतुक दिवसभर चाललं. आठवडाभरात नेपाळी लोकांनी भारतीय माध्यमांना घरी जा म्हणून सांगणारा हॅशटॅग चालवला. पाश्चात्त्य माध्यमं आपल्याला साप-गारुड्यांचा देश म्हणून रंगवतात, ही आपली जुनी तक्रार. शेजाऱ्याच्या घरात आपण तेच करून आलो. २०२२मध्ये युक्रेनची बातमी आपल्याकडे वैद्यकीय विद्यार्थी परतेपर्यंत तापली. पुढे स्टुडिओत सायरन वाजू लागले, आणि एप्रिलमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला भडक मथळ्यांबद्दल वाहिन्यांना समज द्यावी लागली.

आता आरसा फिरवू. मुंबई-पुण्याच्या माध्यमांना आटपाडीचा दुष्काळी माणदेश हाही एक परदेशच. दुष्काळ पडला की भेगाळलेली जमीन, टँकरभोवतीच्या घागरी, चारा छावणीतली खिल्लार जनावरं अशी तीन छायाचित्रं निघतात. दहा वर्षांपूर्वीची छापली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. पी. साईनाथ यांचं दुष्काळाच्या बातमीदारीची चिरफाड करणारं पुस्तक १९९६चं. त्यानंतरही सवय मोडली नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी उभ्या केलेल्या आटपाडीच्या पाणी परिषदेत समन्यायी वाटपावर वर्षानुवर्षं खल झाला, टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, माळावर डाळिंब उभं राहिलं. ते सगळं सांगली आवृत्तीच्या आत राहिलं. उपाशी माणूस राज्यभर छापला जातो, वाद घालणारा जिल्ह्यापुरता. आफ्रिकेच्या बातम्यांनाही हेच माप लागतं.

उलटा प्रवासही याच तालुक्याने पाहिलाय. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हा, १९३९च्या सुमाराला, कैद्यांची खुली वसाहत इथे स्वतंत्रपूर नावाने सुरू झाली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता होता. याच प्रयोगावर शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. बर्लिनकरांना आटपाडी हे नाव कळलं नसेलही, पण त्यांनी पाहिला तो इथला एक धाडसी विचार. भेगाळलेली जमीन नव्हे.

मराठीत दूरदेश नीट पाहण्याची परंपरा नाही असं म्हणवत नाही. गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत संघावर, अरुण साधूंनी चीनवर लिहिलं ते दोघेही वृत्तपत्रातलेच. मात्र त्यांची नजर सत्तेच्या चढउतारावर. मला जास्त मोलाचे वाटतात ते व्यंकटेश माडगूळकर. 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे'मधल्या ऑस्ट्रेलियाकडे त्यांनी मेंढरांच्या बाजूने पाहिलं. 'बनगरवाडी' कादंबरीतले धनगर जवळून पाहिलेल्या माणसाला तिथे काय विचारायचं हे ठाऊक होतं: रान किती, चारा कुठला, राखण कोणाची. भारावणं नाही, नाक मुरडणंही नाही. बातमीदाराला हेच शिकवायला हवं, पण आपल्या पत्रकारितेच्या वर्गांत त्याचा पत्ता नाही.

सध्या मराठीत बऱ्यापैकी परराष्ट्र-वार्तांकन करतात ती शेतीची पानं, हे माझं मत अनेकांना आगाऊ वाटेल. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा वाहिन्या तिसऱ्या महायुद्धाची भाकितं करत होत्या. शेतीच्या पानांवर मात्र जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला निघाल्याचं, भाडं चढल्याचं आणि माल पोचायला उशीर होत असल्याचं लिहून येत होतं. डाळिंब-द्राक्षवाल्याला युद्ध कळलं ते तिथून. त्या पानांची उणीव एवढीच, की त्यांना येमेनचा रस्ता माहीत आहे, येमेनमधली माणसं नाहीत. 'देश-विदेश'च्या पानाला दोन्ही माहीत नाहीत, आणि दोन्ही पानांचे उपसंपादक बहुधा एकाच मजल्यावर बसतात.